दुसऱ्या भावाचा अंगठा

सोजरबाईला आसेगावात लोक बिचकून असत. ती भांडखोर मुळीच नव्हती, पण ती फार विचारत असे. बाजारात पावशेर वांगी घ्यायची तरी ती पालासमोर फतकल मारून बसे आणि सुरुवात करी, "कोनाच्या वावरातली होय? तोडली कवा? इहिरीचं पानी देलं का नाल्याचं?" वांगीवाला शेवटी हात जोडी. "मावशे, वांगं न्याचं हाय का सून करायची हाय?"

तिचा नवरा लग्नानंतर सातव्या वर्षी पटकीत गेला. पदरात एक मुलगी होती, पंचफुला. दिराने घरातली एक खोली दिली आणि दोन वेळची भाकरही नाकारली नाही, पण सोजरबाईला ते खाणं गोड लागेना. कापूस निघाला की ती पोरीला घेऊन कारंज्याला जाई. तिथल्या जिनात सरकी काढायच्या यंत्राला, म्हणजे रेच्याला, कापूस लावायचं काम ती करी. उन्हाळा लागला की परत. अशी पंधरा वर्षं तिने काढली. मजुरीतलं उरेल ते चांदीच्या कड्यांत घातलं, आणि पंचफुला मोठी झाल्यावर तिला कामरगावच्या शालिग्रामला देऊन टाकली. शालिग्राम शेती करणारा, शांत, थोडा लाजाळू माणूस होता.

लेक गेल्यावर आसेगावात तिचा जीव रमेना. पंचफुला म्हणे, "माय, इकडंच ये ना राह्याले. आमी काय परके हाओत?"

"जवायाच्या घरी पावनी म्हनून चार दिवस बरी दिसतो मी," सोजरबाई म्हणे. "पाचव्या दिवशी मलेच माहं तोंड पाह्यवनार नाई. राह्यली तं माह्या घरात राहीन."

ही गोष्ट सदतीस सालच्या उन्हाळ्यातली.

कामरगावात दौलतरावांचं घर तेव्हा विकायला निघालं होतं. चार खणांचं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, मागे विहीर आणि पंचफुलेच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दौलतरावांच्या बायकोला माहेरची जमीन मिळाली होती. माहेरी भाऊ नव्हता, आणि म्हातारा सासरा एकटा पडला होता. तिकडेच जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. माणूस सरळ, पण पाऊस पडायच्या आत तिकडे नांगर धरायची त्याला घाई होती.

"सोजरबाई, घर तुमाले पसंत हाय, मले गिऱ्हाईक पसंत हाय," ते म्हणाले. "आता कारंज्याले कायले जाता? साध्या कागदावर लेहू, पाच पंचाइचे अंगठे घेऊ. गावात सारे असेच घरं घेतात."

सोजरबाई ओसरीवर बसली होती. तिने वर आढ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. कोपऱ्यात दौलतरावांची आई चतुराबाई अंबाडीची भाजी निवडत होती. सत्तरीची, वाळकी, पण हाताने चपळ.

"माय," सोजरबाईने तिलाच विचारलं, "घर इकल्यावर तुमी कुठी झोपसान?"

भाजी निवडणारे हात थांबले. चतुराबाई मुलाकडे न बघता म्हणाली, "मले कोन इचारलं बाई? नेतीन तिकडं जाईन. लहाना असता तं त्यानं इचारलं असतं."

"लहाना कोन?"

दौलतराव उठून उभे राहिले. "त्याचं काय काढलं आता! दहा वर्स झाले त्याले जाऊन."

"पन हाय ना?"

"देवाले माहीत."

सोजरबाई पदर सावरून उठली. "मग मी देवाच्या आधी अर्जनविसाले इचारून येतो," ती म्हणाली.

कारंज्याला कचेरीच्या बाहेर लिंबाखाली मदनसिंग बसत. लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणं हा त्यांचा धंदा. डोक्याला केशरी फेटा, पुढ्यात शाईची दौत, आणि बोलण्यात अधूनमधून हिंदी. जिनात असताना सोजरबाई तिथूनच जात-येत असे. शालिग्राम तिच्यासोबत आला होता. तो मागे उभा राहिला.

मदनसिंगांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, शंभर रुपयाच्या वरचं मकान हाय. रजिस्टर केल्याबिगर ते तुमचं व्हत नाई, पाच पंच घ्या का पन्नास घ्या. पंच मरतात, कागद मरत नाई. हे एक झालं. आता सांगा, मकान दौलतरावांनं बांधलं का त्याहीच्या बापानं?"

"बापानं."

"मग ते दोघा भावायचं होय. एकानं इकलं तं दुसरा उद्या येऊन म्हनन, माहा हिस्सा कुठी हाय? कोर्ट त्याचं ऐकन. तो नाई आला तं त्याचे लेकरं येतीन. अन् म्हातारी हाय ना? वाटनी झाली तं तिचाबी हक्क लागते. तिले कोनी बाहीर काढू शकत नाई."

"घर कोनाकडं गहान असन तं?"

"ते मी कचेरीतल्या बुकात पाहून देतो." त्यांनी पाहून दिलंही. घर कुणाकडे गहाण नव्हतं. "आता सांगा, दस्तात नाव कोनाचं लेहू? जवाईबापूचं?"

सोजरबाईने मागे वळून पाहिलं. शालिग्रामने मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मामी, माहं नाव नका लेहू. रेच्यावर तुमी बसल्या, मी नाई."

मदनसिंग खळखळून हसले. "बाई, घर मिळो ना मिळो, जवाई पक्का मिळाला तुमाले! घ्या तुमच्याच नावानं. तुमच्या मेहनतीचं हाय, दिराचाबी त्याच्यावर दावा नाई. पन आदी तो दुसरा भाऊ आना. त्याच्या अंगठ्याबिगर मी लेहनार नाई."

परत येताना शालिग्राम म्हणाला, "मामी, दहा वर्सांचा हरवलेला मानूस कुठून आनावं? दुसरं घर पाहू."

"घर तेच पायजे," सोजरबाई म्हणाली. "अन् म्हातारीचे डोये पाह्यले नाई का तुमी?"

चतुराबाईकडून तिने सगळी हकीकत काढून घेतली. जानराव हा धाकटा मुलगा. त्याने पाखऱ्या नावाचा एक बैल वासरू असल्यापासून वाढवला होता. स्वतःच्या ताटातली भाकर तो त्याला देई. एका वर्षी जानराव मामाच्या गावी गेला असताना दौलतरावांनी तो बैल बाजारात नेऊन विकला. जोडीतला दुसरा बैल म्हातारा झाला होता आणि नवी जोडी घ्यायची होती. हिशेबाने त्यांचं चुकलं नव्हतं. पण जानराव परत आला, त्याने रिकामा गोठा पाहिला, पाणीसुद्धा न पिता तो बाहेर पडला, तो गेलाच. दौलतरावांनी दोनदा शोध घेतला. मग लाज वाटू लागली म्हणून विषयच बंद केला.

सोजरबाईने विचारायला सुरुवात केली. कामरगावच्या बाजारात, कारंज्याच्या बाजारात, गुरांचे दलाल बसत तिथे. तिला बैलाची खूण माहीत होती. पांढरा, कपाळावर काळा टिळा, डावं शिंग थोडं खाली. बैल कुणी घेतला, कधी घेतला, कुठे नेला? दलाल हसत. दहा वर्षांपूर्वीचा बैल कुणाला आठवणार!

आठवला तो धनीबाईला. धनीबाई जिनात तिच्या शेजारच्या रेच्यावर असे. मंगरूळच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा तांडा होता. तीन वर्षं दोघींची भेट नव्हती, ती आता कारंज्याच्या बाजारात झाली. आधी गळ्यात गळे घालून रडल्या, मग हसल्या, आणि मग सोजरबाईने सवयीने बैलाबद्दल विचारलं.

"डावं शिंग खाली?" धनीबाईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. "अवं, तो तं आमच्या गोविंदसिंग नाइकाचा बैल! अन् त्याच्यामागं एक कुणबी आला व्हता. नाइकाले म्हने, बैल वापस दे. नाइक म्हने, देत नाई, पन तुले त्याले सोडवत नसन तं तूच राह्य. तो राह्यला ना!"

"अजून हाय?"

"कुठी जाते! आमच्या तांड्यात त्याले बैलवाला जान्या म्हनतात."

दुसऱ्याच दिवशी सोजरबाई निघाली. शालिग्रामने छकडा जुंपला, धनीबाई वाट दाखवायला पुढे बसली. मुक्काम करत, उन्हाची वेळ झाडाखाली काढत, तिसऱ्या दिवशी सकाळी ते तांड्यावर पोचले.

नाल्याच्या उरलेल्या पाण्यात एक माणूस बैल धूत होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली. बैलाच्या पाठीवर पाणी टाकताना तो त्याच्याशी बोलत होता. "हल नोको रे. कानात जाईन ना पानी."

"जानराव का?" सोजरबाईने काठावरून विचारलं.

त्याने मान वर केली. या तांड्यात त्याला एवढ्या मानाने कुणी हाक मारत नसे.

"मी सोजरबाई. आसेगावची. तुमचं घर इकत घेऊन राह्यली."

"माहं घर?" तो पाण्यातच उभा राहिला. "माहं घर हे इथंच हाय, त्या पळसाखाली. ते कायले इकत घेता?"

"कामरगावचं. तुमच्या भावानं इकायले काढलं. तुमचा अंगठा पायजे."

बैलाने शेपटीने जानरावाच्या तोंडावर पाणी उडवलं तरी त्याने ते पुसलं नाही. मग एकदम म्हणाला, "पाखऱ्या दोन वर्सांखाली गेला. हा त्याच्याच वानाचा हाय." आणि थोडं थांबून, अगदी हळू, "माय हाय का वं?"

"हाय. अंबाडीची भाजी निवडून राह्यली."

तेव्हा मात्र तो पाण्यातून बाहेर आला आणि काठावर बसून लहान पोरासारखा रडला. झोपडीतून त्याची बायको सुंदरबाई धावत आली, मागे दोन मुली. जवळच्याच एका गावातली ती, आईबाप नसलेली. गोविंदसिंग नाइकानेच पुढाकार घेऊन तिचं लग्न लावून दिलं होतं. काय झालं ते कळल्यावर तिने सोजरबाईला आत नेऊन दूध दिलं आणि दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "इतके वर्स मले सांगत व्हते, कोनी नाई म्हून! सासू हाय मले, अन् तुमी लपून ठेवली!"

गोविंदसिंग नाईक आले. पांढऱ्या मिशांचे, उंच. त्यांनी सगळं ऐकलं आणि जानरावाच्या पाठीवर थाप मारली. "जा. बैल ने ह्यो, तुह्या हातचा हाय. अन् साक्षीले मी येतो. बैल मी घेतला व्हता, तं ह्या भानगडीत अर्धा मी बी हाय."

छकडा कामरगावात शिरला तेव्हा दुपार कलली होती. पुढे सोजरबाई, मागे सुंदरबाई आणि पोरी, मागून बैल धरून जानराव आणि घोड्यावर नाईक. लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. चतुराबाई अंगणात शेण सारवत होती. तिला कमी दिसे. जानराव समोर येऊन उभा राहिला तरी ती म्हणाली, "कोन होय बाप्पा?"

"मी होय माय."

शेणाचा हात तसाच त्याच्या गालावर ठेवून तिने त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, दाढी. "दाढी कायले ठेवली रे मेल्या!" एवढंच ती म्हणाली, आणि मग तिला रडूही आवरेना आणि हसूही आवरेना. दोन नाती पुढे ढकलल्या गेल्या. तिने त्यांनाही चाचपलं. पोरी गुदगुल्या होऊन खिदळू लागल्या. सगळ्यांच्या तोंडाला शेण लागलं.

दौलतराव शेतातून आले. फाटकातच त्यांचे पाय थांबले.

"तवा बैल न इचारता इकला, दादा," जानराव म्हणाला. "आता घर इकून राह्यला. इचाराले कोन आली तं ही परकी बाई!"

"मले इचाराची लाज वाटे रे," दौलतराव म्हणाले. "दोनदा शोधून आलो तुले. मग वाटलं, सापडला तं तोंड कसं दाखवू?"

"अरे भोकाडं पसरनं बंद करा दोघंबी," चतुराबाई ओरडली, "पावने उभे हायेत! कोनी पानी तं द्या त्याहीले!"

तो दिवस त्या घरात पोळ्यासारखा गेला. दौलतरावांनी स्वतः त्या बैलाच्या शिंगांना तेल लावलं. रात्रीच्या जेवणात पुरणाच्या पोळ्या झाल्या, आणि वाढताना दौलतरावांच्या बायकोने जानरावाला एवढं तूप वाढलं की ते ताटाबाहेर गेलं.

पण सकाळी अडचण उभी राहिली. जानराव म्हणाला, "माहा हिस्सा मी इकत नाई. माय इथंच राहीन, माह्याजवय." दौलतरावांनी सोजरबाईकडे अपराध्यासारखं पाहिलं. एवढं फिरून तिने भाऊ शोधून आणला आणि त्या भावानेच तिचं घर अडवलं.

सोजरबाईलाही क्षणभर वाईट वाटलं. तिने ओसरीवर जाऊन पावलांनी घर मोजलं. मग मागच्या विहिरीपाशी गेली, वर पन्हाळीकडे पाहिलं आणि परत येऊन बसली.

"मले एकटीले चार खन कायले?" ती म्हणाली. "झाडत बसू का दिवसभर? दोघं भाऊ आदी वाटनी करा. इहिरीकडचे दोन खन जानरावाचे, अन् माय त्याच्यात. रस्त्याकडचे दोन दौलतरावाचे, ते मले द्या. पन मधली भित दोघायची. अन् पान्याची वाट लेहून पायजे."

"पान्याची कोनती वाट?" जानरावाने विचारलं.

"इहीर तुमच्या आंगनात जाते ना! उद्या तुमच्या पोरीचा नवरा कुंपन घालन, मग मी घागर घेऊन कुठून जाऊ?"

जानरावाने आपल्या सहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "आतापासूनच माह्या जवायाची भीती!"

कारंज्याला दोन छकडे गेले. मदनसिंगांनी एक वाटणीपत्र आणि एक खरेदीखत लिहिलं. चारही बाजूंना काय आहे ते लिहिलं, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सामायिक भिंत, असं सगळं. कचेरीत रजिस्ट्रारसाहेबांनी विचारलं, "मजकूर ऐकला? राजीखुशीने लिहून देता?"

दौलतराव "हो जी" म्हणाले. जानराव "हो जी" म्हणाला.

"मायले बी इचारा ना," सोजरबाई मधेच म्हणाली. चतुराबाईचा त्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क वाटणीपत्रात लिहिला होता. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग म्हातारीला जवळ बोलावून मोठ्याने विचारलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कुणी साहेब तिला विचारत होता. ती एवढी खूश झाली की तिने उत्तराऐवजी त्यांनाच विचारलं, "जेवला का बाप्पा?"

सारी कचेरी हसली.

"आता पुरं झालं?" साहेबांनी सोजरबाईला विचारलं.

"एकदा पुन्हा वाचा जी. सावकाश."

कारकुनाने कपाळाला हात लावला, पण वाचलं. आणि वाचताना निघालं की खरेदीखतात विहिरीवर जायचा हक्क आला होता, पण पन्हाळीचं पाणी कुणाच्या बाजूने पडायचं ते राहिलं होतं. मदनसिंगांनी जीभ चावली. समासात ओळ वाढवली गेली, तिच्याखाली पुन्हा सह्या-अंगठे झाले. साक्षीदार म्हणून गोविंदसिंग नाइकांनी आणि शालिग्रामने अंगठे दिले. सोजरबाईने शेवटचा अंगठा उमटवला आणि तो वाळेपर्यंत कुणालाच कागदाला हात लावू दिला नाही.

बाहेर आल्यावर ती एकटीच लिंबाखाली बसली. शालिग्राम पाणी घेऊन आला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "काय झालं मामी?"

"काई नाई. माहं नाव त्याहीनं तीनदा वाचलं. सोजरबाई, सोजरबाई, सोजरबाई. लग्नातबी एवढ्या वेळा कोनी घेतलं नव्हतं."

आषाढाच्या आधी ती आपल्या दोन खणांत राहायला आली. पंचफुला दिवसातून चारदा येई. दौलतराव तिकडे सासरच्या जमिनीवर गेले, पण दर सणाला भावाकडे येऊ लागले, आणि येताना नवीन बैल घ्यायचा असला की आधी जानरावाला दाखवू लागले.

गावात कुणी घर घ्यायला निघालं की लोक म्हणत, "आदी सोजरबाईले इचार." ती लिहायला-वाचायला कधीच शिकली नाही. पण समोरच्याला ती अशी काही खोदून विचारी की मदनसिंगांकडे पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असे. घर बापाचं का स्वतःचं? भाऊ किती? कुणी परमुलखात गेला का? म्हातारं कुणी आत राहते का? पानी कुठी पडते? दोन घरांचे सौदे तिने मोडले आणि फसता फसता वाचलेल्या त्या गिऱ्हाइकांनी पुढे तिला लुगडी आणून दिली. एक सौदा तिने असाच लांबवला आणि त्या मधल्या वेळात विकणाऱ्याने घर विकायचंच रद्द केलं. तिने त्याला जेवायला बोलावलं.

आसेगावच्या दिराच्या मुलांनी एकदा बोलता बोलता सुचवलं, की काकूच्या मागे ते घर त्यांच्याकडेच येणार. सोजरबाई दुसऱ्या दिवशी कारंज्याला. मदनसिंग तोवर थकले होते, लिहायला पुतण्या बसत असे. "माह्या कमाईचं घर माह्या मागं कोनाचं?"

"लेकीचं, बाई," मदनसिंग म्हणाले. "पन लेहून ठेवा. लेहलेलं बरं."

मृत्युपत्र झालं. पंचफुलेला ते कळलं तेव्हा ती रुसून दोन दिवस आलीच नाही. मरणाचं बोलायचंच कशाला, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ती भाजलेल्या शेंगा घेऊन आली आणि दोघी मायलेकी संध्याकाळपर्यंत त्या खात बसल्या.

चतुराबाई ऐंशीच्या जवळ आली तेव्हा तिला अंगणातून फिरून सोजरबाईकडे येणं जड जाऊ लागलं. पण सोजरबाईशी बोलल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे. जानराव म्हणाला, "मधल्या भितीत एक खिडकी पाडू." भिंत दोघांची. सोजरबाईने लगेच सगळ्यांना छकड्यात बसवलं असतं, पण मदनसिंगांच्या पुतण्याने कळवलं की खिडकीला कागदाची गरज नाही, दोघांची राजीखुशी पुरे. सोजरबाईला ते फारसं पटलं नाही.

सुतार आला, माती पडली, धुरळा उडाला. धुरळा बसला तसा पलीकडून चतुराबाईचा वाळका हात आत आला. हातात वाटी होती, वाटीत गरम कण्या, वर ताक.

"सोजरे, खाऊन पाह्य," पलीकडून आवाज आला. "मीठ जास्त तं नाई ना?"